तेरावा महिना

अर्जात बेचाळीस प्रश्न. मी ते पाठ म्हणते.
येशीमेबेत उत्तरं देते, माझ्याकडे न बघता.
बाळ तिच्या मांडीवर पालथं.
कमरेच्या जरा वर, जिथे मणके मिटायचे राहून गेले,
तिथे ओलं गॉज. ते सुकू द्यायचं नाही
एवढंच तिला पहिल्या दिवशी सांगितलं होतं.
आता माझ्याआधी तीच बोट लावून बघते.

वय? तेवीस असेल.
नवरा नात्यातला? छे, आमच्यात सात पिढ्या मोजतात.
ताप? आला एकदा. कसला, ते कोण सांगणार.
घरात धूर?
चुलीवाचून इंजेरा कुठे होतो, सिस्टर?
तेफावर औषध मारलं तेव्हा शेतात होतीस?
मीच तर मारलं.
आणि सासू म्हणते, भर दुपारी ओढ्यावर एकटी गेली,
ऊन बाधलं. तेही लिही.
लिहिते. 'इतर'मध्ये.

शेवटची पाळी?
ती तारीख सांगत नाही, सण सांगते: हामलेतली मरियम.
म्हणजे एकवीस. मी पेरांवर पुढे सरकते.
नेहासेत गर्भ, पुढे अठ्ठावीस दिवस,
तेवढ्यात ती नळी मिटते, नाहीतर मिटत नाही.
माझं बोट थांबतं ते पाग्युमेवर,
वर्षाच्या शेपटाला उरलेले पाच दिवस,
आमचा तेरावा महिना.
कॉम्प्युटरला बाराच ठाऊक.
तो तारीख लाल करून परत देतो.

पाग्युमेत काय करत होतीस?
(हा प्रश्न अर्जात नाही.)
काय करणार? नव्या वर्षासाठी भिंत सारवत होते.
रुफाएलच्या दिवशी पाऊस आला, अंगणात जाऊन भिजले,
त्या दिवसाचं पाणी पवित्र.
दिवस गेलेत हे माहीत होतं?
तेव्हा? नाही गं.
गोळ्या?
दिल्यात की तुम्ही. चौथ्या महिन्यात.
एक दिवस चुकवली नाही.

मी 'होय'वर खूण करते.
दाराला कडी लागल्यावर आलेल्या पाहुण्यासारखी
ती खूण चौकटीत उभी राहते.

मग ती मला खाली वाकायला लावते.
फिल्सेताचा उपास होता, म्हणते. पंधरा दिवस.
आम्ही पाळला नाही. म्हणजे, नवरा-बायकोनं पाळायचा तो.
लिहू नकोस.
बाकी तू काहीही विचार, कारण ते आहे.

अशा एका बाळामागे
दोन धडधाकट बाळांच्या आया शोधायच्या,
तेच बेचाळीस प्रश्न विचारायचे, असा नियम.
खिडकीजवळच्या खाटेवर मांतेगबोश.
ताप? दोनदा.
धूर? हो. औषध? मारलं.
गोळ्या? मळमळायचं, कोंबड्यांपुढे टाकल्या.
तिची मुलगी तिच्या छातीवर पाय झाडतेय,
दोन्ही पाय, अगदी रागानं.
मी पेन बंद केलं आणि त्रेचाळिसावा विचारला, हळूच.

ती इतकी हसली की पोरीच्या तोंडातून स्तन सुटला.
उपासात?
अगं, मियाझ्यात हा वॉर्ड भरतो तो कशानं?

एकीचं दुसरीला सांगायचं नाही,
तशी मी सही करून दिलीय.
पण वॉर्ड तो केवढा. हसू ऐकू गेलंच.
येशीमेबेतनं मान वळवून बघितलं,
खिडकीकडे, मग माझ्याकडे.
काय म्हणाली ती?
मी काही बोलले नाही. मला मात्र हसू आवरेना,
आणि तिच्याही ओठाचा एक कोपरा हलला,
पुरता नाही.

संध्याकाळी गॉज बदलताना तिनं विचारलं,
ती गोळी. कधी घ्यायची होती?
मी सांगितलं. खोटं बोलता आलं असतं.
ती बराच वेळ बाळाची टाच चोळत राहिली,
जी चोळलेली त्याला कळत नाही.

मग म्हणाली, फासिका झाला की धाकटीचं लग्न आहे.
गेनेतचं. तिला अजून काहीच नाही.
दे.

मी ड्रॉवर उघडला. तीन पट्ट्या होत्या.
तिनं त्या नेतेलाच्या टोकात बांधल्या, दोन गाठी मारून,
आणि गॉजला बोट लावून बघितलं.